फिल्टर एक, रबर दोन

माझी गाडी २०१४ची वॅगनआर, पेट्रोलवरची. २०२२ मध्ये जुनी घेतली. राहायला मी साताऱ्यात, शाहूपुरीत. मी शिकवते ती शाळा जावळी तालुक्यात, मेढ्याच्या पुढे केळघरच्या बाजूला. रोजचं जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर होतं. एसटी आहे, पण ती चुकली की परिपाठाला मुलं उभी आणि बाई रस्त्यात. म्हणून गाडी, आणि म्हणूनच तिच्याकडे नीट लक्ष देणं भाग.

जानेवारीत मी पहिल्यांदा घरी ऑईल बदललं आणि त्यानंतरचा अख्खा आठवडा गळती शोधण्यात गेला. त्या वेळी घडलेलं सगळं क्रमाने सांगणारं कुणी हवं होतं, असं फार वाटलं. म्हणून तारखा आणि पैशांसकट लिहिते आहे.

घरी करायचं ठरवलं त्याला दोन कारणं होती. मागच्या वेळी गॅरेजला २,४५० रुपये झाले होते, हे एक. दुसरं म्हणजे मला ते काम स्वतःला यायला हवं होतं. घाटरस्त्याला एकटी जाते, मोबाइलला मध्येच रेंज नसते, आणि बॉनेट उघडून आत काय आहे हे माहीत नसणं मला बरं वाटत नव्हतं. गॅरेजमध्ये तीनदा मिस्त्रींच्या शेजारी उभी राहून बघितलं होतं. आमच्या शेजारचे काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत, त्यांनाही विचारून घेतलं होतं.

शुक्रवारी, ३ तारखेला शाळेत बालिका दिनाचा कार्यक्रम होता, शनिवारी सकाळची शाळा. मग मिळाला रविवार, ५ जानेवारी. मीटरवर ८४,३१० किलोमीटर. आदल्या दिवशी पोवई नाक्याच्या बाजूच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानातून ५डब्ल्यू-३० ग्रेडच्या, म्हणजे तेवढ्या दाटपणाच्या ऑईलचा साडेतीन लिटरचा डबा आणला, १,४८० रुपयांना. ऑईल गाळणारा फिल्टर १३५ रुपये. पट्ट्याचा फिल्टर पाना २५० रुपये. उचललेली गाडी टेकवायचे दोन स्टँड १,१०० रुपये. दुकानदारांनी विचारलं, "चेंबरच्या नटाचा वायसर देऊ का? वीस रुपये." चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाचं, ऑईल साठतं ते भांडं; त्याचा नट काढून जुनं ऑईल उतरवतात. मी म्हटलं, जुना असेल की चांगला, राहू दे.

इंजिन पाच मिनिटं चालू ठेवून बंद केलं. कोमट ऑईल पातळ असतं, लवकर आणि पुरतं उतरतं. मागच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक ओढला, जॅकने पुढची बाजू उचलून गाडी दोन्ही स्टँडवर टेकवली. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, हे मी नववीतल्या मुलाला दोनदा सांगितलं आणि स्वतः पाळलं. चेंबरचा नट काढला, खाली जुना टप. पंधरा-वीस मिनिटं थेंब पडत राहिले. वायसर नटालाच चिकटलेला होता, तो तसाच पुसला, नट परत बसवला.

फिल्टर हाताने हलेना. आधी बसवणाऱ्याने चांगलाच आवळलेला असणार. पट्ट्याच्या पान्याने सुटला, आणि सुटताक्षणी त्याच्या कडेने काळं ऑईल मनगटावरून कोपरापर्यंत आलं. त्या क्षणी बघायचं होतं ते एवढंच, की जुन्या फिल्टरच्या तोंडाशी असलेली काळी रबरी रिंग फिल्टरबरोबर खाली आली की नाही. मी ऑईल तोंडावर येऊ नये म्हणून मान वळवली आणि फिल्टर थेट टपात उपडा केला. इंजिनचा जो गोल, सपाट भाग असतो, जिथे फिल्टर टेकतो, तो चिंधीने पुसला. पण पुसला तो अंदाजाने, हात वर घालून. डोळ्यांनी बघितला नाही.

नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने नवं ऑईल लावलं, हाताने फिरवून बसवला. तीन लिटर ऑईल भरलं, इंजिन मिनिटभर चालवलं, ऑईलची पातळी दाखवणारी काडी बघितली, लेव्हल वरच्या खुणेला. खाली काही नाही. दुपारचे साडेबारा वाजले होते. फार समाधान वाटलं.

संध्याकाळी सहाला टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा गाडीखाली सरकवला, सहज म्हणून. साडेसातला त्यावर चार थेंब होते. फिल्टरच्या बरोबर खाली. मनात पहिला विचार आला की फिल्टर ढिला राहिला. पट्टा घातला आणि चांगला पाव फेरा आवळला. तासाभराने बघितलं तर नवा थेंब नव्हता. झालं, असं म्हणून मी झोपले. त्या रात्री तो पाव फेरा आवळण्याऐवजी टॉर्च घेऊन पाच मिनिटं नुसतं बघितलं असतं, तर पुढचं काहीच झालं नसतं असं मला आजही वाटतं.

सोमवारी, ६ तारखेला पावणेसातला निघाले. थंडी होती, उजाडायचं होतं, खाली वाकून बघायचं राहिलं. थंड इंजिनात ऑईल दाट असतं, चालू केल्यावर पहिली काही मिनिटं त्याचा दाब जास्त असतो. अर्धवट बसलेला सील नेमका तेव्हाच सुटतो, हे मला नंतर कळलं. मोळाचा ओढा मागे पडला. कण्हेरच्या पुढे गेल्यावर जळकट वास यायला लागला. उसाच्या ट्रॉल्या पुढे होत्या, मला वाटलं त्यांच्यातल्या एखाद्या ट्रॅक्टरचा धूर. आणखी तीन-चार किलोमीटर गेले असेन. एका वळणावर डॅशबोर्डवरचा लाल दिवा, तेलाच्या किटलीच्या चित्राचा, एकदा लुकलुकला आणि विझला. पुढच्या वळणावर पुन्हा.

मी गाडी कडेला घेतली आणि लगेच किल्ली फिरवून बंद केली. त्या आठवड्यात मी जे काही केलं त्यात हे एक बरोबर केलं. हा दिवा ऑईल कमी झाल्याचा नसतो, ऑईलचा दाब गेल्याचा असतो. तो लागतो तेव्हा इंजिनच्या आतल्या बेअरिंगपर्यंत पुरेसं ऑईल पोचत नसतं. वळणावर उरलंसुरलं ऑईल चेंबरच्या एका कडेला जातं, पंपाला हवा लागते, म्हणून आधी तो वळणावर लुकलुकतो. 'मेढ्यापर्यंत जाऊ, तिथे बघू' हा विचार माझ्याही मनात आला होता. तेवढे चार-पाच किलोमीटर इंजिन धरायला, म्हणजे आतून जाम व्हायला पुरेसे असतात.

पाच मिनिटांनी काडी काढून पुसली, पुन्हा घातली, काढली. टोकाला ऑईलचा डागसुद्धा नाही. दोन खुणांमध्ये साधारण लिटरभर अंतर असतं, म्हणजे निदान तेवढं तरी गेलंच होतं. खाली वाकले तर इंजिनचा तळ, मधली पट्टी, मागचा भाग, सगळं ओलं. घसा कोरडा पडला. इंजिनकाम निघालं तर चाळीस-पन्नास हजारांना तोंड देणं मला शक्य नव्हतं.

पुढे-मागे झाडाच्या फांद्या ठेवल्या. त्रिकोण होता, तोही लावला. मुख्याध्यापकांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकलं, "आधी तुम्ही रस्त्यापासून बाजूला उभ्या राहा, वर्ग मी बघतो," म्हणाले. नव्या वर्षातली पहिली किरकोळ रजा अशी गेली. अर्ज दुसऱ्या दिवशी दिला. मग विमा कंपनीच्या नंबरवर फोन केला. पॉलिसी क्रमांक, गाडीचा क्रमांक, चेसिसचे शेवटचे आकडे, जागा, जवळची खूण, असं सगळं विचारून, दोनदा फोन दुसरीकडे देऊन, बावीस मिनिटांनी उत्तर आलं की माझ्या पॉलिसीत रस्त्यावरच्या मदतीचं कलम घेतलेलं नाही. नूतनीकरणाच्या वेळी थोडे पैसे वाचवायला मीच ते काढलं होतं. तुमच्या पॉलिसीच्या कागदावर 'रोडसाइड असिस्टन्स' हे शब्द आहेत का, ते घरी बसलेले असतानाच बघून ठेवा. कंपनीचा नंबर मोबाइलमध्ये, पॉलिसीचा फोटोही मोबाइलमध्ये.

क्रेनवाला साताऱ्याहून यायचा होता. घरापर्यंत २,२०० रुपये ठरले. दोन तास चाळीस मिनिटं थांबले. थंडी उतरत गेली, ऊन आलं. शेतावर चाललेल्या एका आजींनी विचारपूस केली, पाणी दिलं. ओळखीचे दोन पालक मोटरसायकली थांबवून "बाई, शाळेत सोडू का?" म्हणाले. गाडी सोडून जाववलं नाही. साडेअकराला गाडी घरात आली.

दुपारी गाडीखाली शिरले, पण सगळंच ओलं असल्यावर कुठून गळतं ते कसं कळणार? गाडी पळत असताना वारा ऑईल मागे ओढतो. थेंब पडतो एका जागी, सुटलेला असतो दुसरीकडून. मी पुन्हा फिल्टर पाना हातात घेतला. आता अर्धा फेरा आवळू, असं मनात होतं. तेवढ्यात कराडला लेकीकडे गेलेले काका परत आले होते, ते फाटकातून आत आले. त्यांनी पाना माझ्या हातातून काढून घेतला आणि ओट्यावर ठेवला.

"सूनबाई, गळतंय म्हणून आवळायचं नसतं. आधी पुसायचं. पुसल्याबिगर दिसणार न्हाई."

इंजिन गार होतंच. भांड्याचा साबण कोमट पाण्यात घातला, जुनी धोतरं आणि बनियन फाडून चिंध्या केल्या. मी आणि मुलाने मिळून चेंबर, नट, फिल्टर, त्याच्या वरची बाजू, सगळं पुसलं. वायरिंगच्या जोडांवर पाणी जाऊ दिलं नाही, फडकं पिळूनच फिरवलं. अंधार पडेपर्यंत दीड तास गेला. रात्रभर वाळू दिलं. पुण्याहून ह्यांचा फोन आला, "सरळ गॅरेजला टाक." मी गॅरेजला फोन केलाही होता. शनिवारच्या आत जागा नव्हती, आणि तिथपर्यंत न्यायला पुन्हा क्रेन.

मंगळवारी एसटीने शाळेत गेले. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्चाचं काही नव्हतं, पण पहाटे पाचला उठावं लागलं. परत येताना ऑईलचे एक-एक लिटरचे दोन डबे घेतले, १,०४० रुपये. ग्रेड तीच, कंपनीही तीच.

संध्याकाळी काकांनी सांगितलं तसं केलं. उरलेलं अर्धा लिटर आणि एक लिटरचा एक डबा ओतला, काडी बघितली, लेव्हल वरच्या खुणेच्या किंचित खाली आली. म्हणजे जवळपास दीड लिटर ऑईल कण्हेरच्या त्या रस्त्यावर सांडलं होतं. मग घामोळ्यांची पावडर चिंधीत घेऊन नटाभोवती आणि फिल्टरच्या वरच्या कडेभोवती झटकली. पांढऱ्यावर ओल लगेच दिसते. मुलगा बाजूला, चाकापासून लांब, पोटावर झोपून टॉर्च मारत होता. इंजिन चालू असताना खाली कुणीही शिरायचं नाही, बाजूनेच बघायचं. मी किल्ली फिरवली, मनातल्या मनात पंधरा मोजले.

"आई, बंद कर! वरून येतंय!"

फिल्टर जिथे इंजिनला टेकतो, त्या कडेने पावडरीत काळी रेघ उतरली होती. नटाभोवतीची पावडर पांढरीच होती.

मला वाटलं फिल्टरच खराब निघाला. बिल शोधायला लागले, दुकानदारांना काय सांगायचं तेही मनात तयार झालं. काका ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "जुना फिल्टर टाकला न्हाईस न्हवं?"

टाकला नव्हता. ऑईल निथळावं म्हणून वर्तमानपत्रावर उपडा ठेवला होता, कोपऱ्यात, रविवारपासून.

"त्याचं रबर हाय का बघ."

उचलून उजेडात धरला. तोंडाभोवतीची खाच रिकामी होती. रबर नव्हतं. म्हणजे ते अजून वर, इंजिनलाच चिकटलेलं होतं आणि त्यावर मी नव्या फिल्टरचं रबर दाबून बसवलं होतं. रबरावर रबर. जुनं रबर हजारो किलोमीटर उष्णतेने भाजून कडक झालेलं असतं, धातूला चिकटतं, आणि आधी कोरडंच बसवलेलं किंवा फार आवळलेलं असेल तर हमखास. दोन रबरं एकावर एक नीट बसत नाहीत. थोडा वेळ धरतात, मग दाब वाढला की एक बाजूला सरकतं. मी रविवारी रात्री आवळल्यावर थेंब का थांबले आणि सोमवारी थंडीत का सुटले, ते तिथे उमगलं. फिल्टरही चांगला होता आणि दुकानदारही. तो फिल्टर दोन दिवस माझ्या डोळ्यांसमोर पडून होता.

त्या रात्री मला झोप लागली ती बऱ्याच दिवसांनी लागल्यासारखी. कारण कळलं होतं.

बुधवारी शाळेतून आल्यावर फिल्टर काढायला घेतला. मीच पाव फेरा आवळलेला असल्यामुळे तो हटेना. पट्टा घसरत होता. पट्ट्याखाली पॉलिश पेपरचा तुकडा धरला तेव्हा पकड आली, पण फिल्टरच्या पत्र्याला पोचा आला. फिल्टर सुटला. त्याचं रबर त्याच्याबरोबर आलं, एका बाजूने चेपलेलं. मग टॉर्च आणि दाढीच्या आरशाएवढा छोटा आरसा घेऊन वर बघितलं. काळ्या धातूवर काळं रबर, सपाट झालेलं, त्या भागाचाच एक भाग वाटावं इतकं एकजीव. नखाने कड उचलली, रबर निघालं. स्क्रू ड्रायव्हरने खरवडायचं नाही, तिथे ओरखडा पडला तर कायमची गळती लागते.

पोचा आलेला आणि चेपलेल्या रबराचा फिल्टर परत लावायचा नाही, हे काकांनी सांगायच्या आधी मी ठरवलं होतं. गुरुवारी, ९ तारखेला त्याच दुकानातून नवा फिल्टर, १३५ रुपये. बिल मागून घेतलं. जुनं रबर खिशात होतं, ते नव्या फिल्टरच्या रबराला लावून माप एकच असल्याची खात्री केली. डोळ्याला सारखे दिसणारे दोन फिल्टर रबराच्या मापात किंवा आट्यात वेगळे असू शकतात, त्यामुळे गाडीचं मॉडेल आणि साल सांगूनच घ्यावा. दुकानदारांनी पुन्हा विचारलं, "वायसर?" मी पुन्हा नको म्हटलं. नट तर कोरडा होता.

त्या संध्याकाळी घाई केली नाही. फिल्टर टेकतो तो गोल भाग आधी पुसला, मग आरशात बघितला, मग बोट पूर्ण गोल फिरवलं. सगळीकडे गुळगुळीत, थंड धातू. रबराला नवं ऑईल. फिल्टर आट्यावर सरळ धरून दोन बोटांनी फिरवला, रबर टेकल्याचं हाताला कळलं तिथे थांबले. खडूने फिल्टरवर आणि इंजिनवर समोरासमोर खूण केली. डब्यावर छापलेलं होतं की टेकल्यानंतर पाऊण फेरा. खडूची खूण पाऊण फेरा गेली तिथे हात काढला. फक्त हाताने. पाना ओट्यावरच होता. उरलेल्या डब्यातलं पाव लिटर ऑईल लागलं. इंजिन तीस सेकंद, बघितलं. पाच मिनिटं, बघितलं. पुन्हा बंद करून दहा मिनिटांनी बघितलं. पावडर पांढरी.

सासूबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी खाली वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "आता दिवा लागत नाही ना गं?" चार दिवस त्याही काळजीत होत्या, बोलल्या नव्हत्या.

शुक्रवारी सकाळी पुठ्ठा ओढला. एक थेंब. मधोमध.

मला रडूच आलं. पण या वेळी पाना उचलला नाही. पुठ्ठ्यावर मी आदल्या रात्री चाकांच्या जागा पेनाने आखून ठेवल्या होत्या, त्यामुळे थेंब नेमका कशाखाली पडला हे सांगता येत होतं. तो फिल्टरखाली नव्हता, एक वीतभर मागे होता. चेंबरच्या नटाखाली. बोट लावलं तर नटाच्या कडेला एक नवं, सोनेरी ऑईलचं टिपूस. मोठी गळती होती तोवर ही छोटी तिच्यात झाकली गेली होती. मंगळवारी पंधरा सेकंदांत तिला पावडरीत उतरायला वेळच मिळाला नव्हता.

वायसर मऊ धातूचा असतो. नट आवळला की तो दबतो आणि नटाच्या आणि चेंबरच्या मधली बारीक फट भरतो. एकदा दबलेला वायसर पुन्हा तसा दबत नाही. म्हणून तो दर वेळी नवा. वीस रुपयांना दोनदा नाही म्हटलं होतं. काका म्हणाले, "आवळू नकोस, आटे जातील, मग चेंबर बदलायला लागंल." गॅरेजच्या मिस्त्रींना फोन केला. रात्रभरात एक थेंब असेल आणि काडीवर लेव्हल बरोबर असेल तर गाडी चालवत आणायला हरकत नाही, शनिवारी दोनला या, असं ते म्हणाले.

शनिवारी, ११ तारखेला सकाळची शाळा एसटीने केली, दुपारी गाडी गॅरेजला नेली. नट काढायचा म्हणजे सगळं ऑईल उतरवायचं. सहा दिवसांचं नवं ऑईल वाया जाऊ नये म्हणून धुऊन, उन्हात खडखडीत वाळवलेला स्टीलचा डबा आणि बारीक जाळीची गाळणी बरोबर नेली होती. मिस्त्रींनी रॅम्पवर घेतली, ऑईल डब्यात उतरवलं, नवा वायसर लावला, ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या टॉर्क पान्याने नट आवळला, तेच ऑईल गाळून परत भरलं. पंचवीस मिनिटं. वायसर २०, मजुरी १५०.

मला खरं विचारायचं होतं ते दुसरंच. दिवा दोनदा लुकलुकला तेव्हा आत काही झालं असेल का? त्यांनी दाबाचा सेन्सर काढून त्या जागी मीटर लावला, गार आणि गरम दोन्ही वेळचा दाब बघितला, बराच वेळ बॉनेटशी कान देऊन आवाज ऐकला. "मॅडम, दाब बरोबर हाय. ठोका न्हाई. लगेच बंद केली म्हणून वाचली. पण दहा-पंधरा दिवस रोज काडी बघत जावा." त्या तपासणीचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केला, तरी नाही.

राहिलं होतं ते जुनं ऑईल. गळालेलं, उतरवलेलं मिळून तीनेक लिटर, दोन फिल्टर आणि चिंध्यांची पिशवी. सोमवारीच घंटागाडीवरच्या ताईंना विचारलं होतं, त्यांनी घ्यायला नकार दिला आणि ते बरोबरच होतं. आमच्या गल्लीत बांधकाम चालू आहे, तिथल्या सेंट्रिंगवाल्यांनी प्लेटांना लावायला काळं ऑईल मागितलं. आणखी एकांनी दाराच्या चौकटींना वाळवी लागू नये म्हणून मागितलं. दोघांनाही मी नाही म्हटलं, आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून कारणही सांगितलं. वापरलेल्या ऑईलमध्ये इंजिनच्या झिजेचे धातू आणि ज्वलनातले विषारी घटक उतरलेले असतात. प्लेटांवरून ते पावसात मातीत, मातीतून ओढ्यात आणि शेवटी वेण्णा-कृष्णेत जातं. माहुलीच्या संगमावर आम्ही मुलांची सहल नेतो. कायद्यातही वापरलेलं ऑईल घातक कचऱ्यात मोडतं, २०१६च्या नियमांत त्याचा वेगळा उल्लेख आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून ऑईल तयार करणाऱ्या कंपन्यांवर ते परत गोळा करून पुन्हा शुद्ध करून घेण्याची जबाबदारी टाकली आहे. पण साताऱ्यात माझ्यासारख्या घरी काम करणाऱ्याने तीन लिटर नेमकं कुठे द्यायचं, याची पाटी मला कुठे दिसली नाही. मी ते नव्या ऑईलच्याच रिकाम्या डब्यात भरून, झाकण घट्ट लावून, वर 'जुने ऑईल' लिहून शनिवारी गॅरेजला नेलं. त्यांच्याकडे पिंप आहे, नोंदणी असलेला माणूस येऊन ते घेऊन जातो. फिल्टरही त्यांनीच घेतले. तुमच्या ओळखीचं गॅरेज असेल तर ऑईल बदलायच्या आधीच हे विचारून ठेवा. पार्किंगच्या फरशीवरचा डाग मी लाकडाचा भुसा टाकून दोन दिवस ठेवला, मग झाडला. पुसट झाला आहे, गेलेला नाही.

हिशेब वहीत लिहून ठेवला आहे. ठरलेला खर्च ऑईल आणि फिल्टरचा, १,६१५ रुपये. गळतीमुळे वाढलेला खर्च क्रेन, दोन लिटर ऑईल, दुसरा फिल्टर आणि गॅरेज मिळून ३,५४५. स्टँड आणि पाना पुढेही उपयोगी येतील म्हणून ते वेगळे धरले.

पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी, गाडी सपाट जागी असताना, इंजिन चालू करायच्या आधी काडी बघितली. पहिले तीन-चार दिवस हात थरथरायचा. लेव्हल जिथल्या तिथे. पुठ्ठा २६ जानेवारीपर्यंत खाली ठेवला होता. झेंडावंदनाला जायला निघताना तो काढून बघितला, कोरडा होता. मग घडी करून माळ्यावर टाकला.

जावळीत पाऊस फार, ऑगस्टमध्ये गाडीखाली झोपणं जमणार नाही. म्हणून पुढचं ऑईल थोडं आधीच, जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळा सुरू व्हायच्या आत करणार आहे. दोन वायसर आत्ताच आणून डब्यात ठेवलेत.